चित्राची पाठ

अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या कालव्यांच्या काठी जी उंच, अरुंद आणि रस्त्याकडे किंचित झुकलेली घरे उभी आहेत, त्यांच्या शिरोभागी एक तुळई बाहेर डोकावत असते आणि तिच्या टोकाला लोखंडी आकडा असतो. कारण त्या घरांतील जिने इतके चिंचोळे आणि इतके उभे की पलंग, कपाट किंवा पेटारा यांपैकी काहीही त्या वाटेने वर नेणे दुरापास्त, आणि म्हणून जड सामान दोराला बांधून, कप्पीवरून ओढून, खिडकीवाटेच घरात घेण्याची तेथील पूर्वापार वहिवाट आहे. वसंतातल्या एका थंड सकाळी मी अशाच एका घरासमोर मान वर करून उभी होते आणि एक सपाट लाकडी पेटारा संथपणे गिरक्या घेत वर चालला होता. त्यात, त्या घरातील गॅलरीत भरणाऱ्या प्रदर्शनासाठी आलेली, वालास तिंग या चिनी चित्रकाराची कागदावरची चित्रे होती. कागद हा तसा हलका पदार्थ. पण त्याला जपण्यासाठी भोवती रचलेल्या पुठ्ठ्यांचे, फळ्यांचे आणि चौकटींचे ओझे दोर धरणाऱ्या चौघांच्याही दंडांना जाणवत होते, आणि त्यांचा म्होरक्या हातभर दोर ओढला की थांबून वाऱ्याचा अंदाज घेत होता. पेटारा खिडकीशी पोहोचला, आतल्या दोघांनी तो अलगद कवेत घेतला, तेव्हा कोठे माझ्या जिवात जीव आला.

माझे काम कागदाचे. चित्र काढणे हा माझा व्यवसाय नव्हे आणि चित्राचे मोल ठरविणे हाही नव्हे. फाटलेले सांधणे, फुगलेले बसविणे, कसर आणि बुरशी यांचा बंदोबस्त करणे आणि कागदाला आणखी काही वर्षांचे आयुष्य मिळवून देणे हे काम मी गेली वीस वर्षे, प्रथम पुण्यात मोडी कागदांच्या रुमालांवर आणि पुढे परदेशी, करीत आले आहे. प्रेक्षकाच्या दृष्टीने प्रदर्शन म्हणजे चित्राचा दर्शनी भाग. माझ्या वाट्याला मात्र बहुतेक वेळ चित्राची पाठ येते. त्या प्रदर्शनाच्या तयारीत जे मला उमगले, ते समोर उभे राहून कितीही वेळ पाहिले असते तरी उमगले नसते, आणि म्हणूनच ते सविस्तर सांगावेसे वाटते.

तिंगचे बालपण शांघायमध्ये गेले. ऐन तारुण्यात त्याने चीन सोडला. आधी हाँगकाँग, मग पन्नासच्या दशकाच्या आरंभी पॅरिस, त्याच दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क आणि ऐंशीच्या दशकात अ‍ॅमस्टरडॅम अशी त्याची बिऱ्हाडे झाली. पॅरिसला त्याची मैत्री जडली ती कोब्रा नावाच्या मंडळींशी. कोपनहेगन, ब्रुसेल्स आणि अ‍ॅमस्टरडॅम या तीन नगरांच्या आद्याक्षरांवरून हे नाव घेणाऱ्या या चित्रकारांचा संघ १९४८ साली स्थापन होऊन १९५१ सालीच विसर्जित झाला होता, तरी त्यांचा स्वच्छंद आणि रंगाची धिटाई ओसरली नव्हती. न्यूयॉर्कला सॅम फ्रान्सिस हा चित्रकार त्याचा स्नेही झाला आणि दोघांच्या उद्योगातून १९६४ साली ‘वन सेंट लाइफ’ हा ग्रंथ निघाला: कविता तिंगच्या, संपादन फ्रान्सिसचे, प्रकाशन स्वित्झर्लंडमधील बर्न येथील कॉर्नफेल्ड यांचे, आणि चित्रे शिळाछापावर काढणारे तब्बल २८ कलावंत, ज्यांत अँडी वॉरहॉल, रॉय लिक्टेनस्टाइन, जोन मिचेल आणि कारेल अ‍ॅपेल अशी परस्परांहून अगदी भिन्न माणसे एका बांधणीत आली. १९७० साली त्याला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. २००२ साली मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा कुंचला थांबला आणि २०१० साली न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. ‘वालास’ हे नावही त्याने स्वतःच घडविलेले. शांघायच्या बोलीतील लाडावलेल्या पोराला लावायच्या शब्दावरून ते आले आणि त्याची अखेर त्याने मातिसच्या नावाच्या अखेरीसारखी करून घेतली, असे सांगतात. एवढ्या एका नावात त्याचे बालपणीचे गाव आणि त्याचे गुरुस्थान शेजारी शेजारी बसले आहेत.

पेटारे उघडले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या त्या पांढऱ्या खोलीत जो रंगांचा कल्लोळ झाला, तो पुन्हा एकदा पाहायला मिळावा अशी माझी इच्छा आहे. पंखा घेऊन बसलेल्या स्त्रिया, त्यांच्या खांद्याशी पोपट, पायाशी मांजरे, ताटात कलिंगडाच्या फोडी. कोठे हिरव्या आयाळीचे घोडे, कोठे आयरिसची निळी फुले, कोठे नुसतेच नाकतोडे. गुलाबी रंग असा की त्याच्यापुढे गुलाल फिका वाटावा, पिवळा असा की हळदीने मान खाली घालावी. आणि या साऱ्याला आवरून धरणारी काळीभोर, धावती, कोठे सुटणारी तर कोठे दाटणारी रेषा. कित्येक चित्रांवर त्याची तांबडी मुद्रा होती. त्या मुद्रेतील चिनी अक्षरांचा अर्थ फुले खुडणारा मोठा चोर असा होतो आणि पॅरिसच्या चेर्नुस्की संग्रहालयाने २०१६ साली त्याच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले तेव्हा त्यालाही ‘फुलचोर’ याच अर्थाचे नाव दिले होते. गॅलरीच्या चालक बाईंनी हात जोडल्यासारखे करून नुसते एवढेच म्हटले, “आता हे सगळे जपून भिंतीवर कसे जाईल ते तुम्ही सांगायचे.”

जपायचे ते प्रथम प्रकाशापासून, आणि प्रदर्शनाचा खरा पेच इथेच आहे. जो उजेड चित्र दाखवितो तोच ते खातो. तिंगच्या रंगांत झगझगीत फ्लुओरेसंट रंग बरेच असतात. साधा रंग पडलेल्या प्रकाशाचा काही अंश फक्त परतवितो. हा रंग मात्र डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि निळा प्रकाश पिऊन तो गुलाबी किंवा केशरी करून बाहेर टाकतो, म्हणून तो कागदाहूनही उजळ वाटतो. ज्या रंगकणांमुळे ही किमया घडते, तेच प्रकाशात झपाट्याने मोडतात आणि एकदा मोडले की कोणत्याही उपायाने सांधत नाहीत. अतिनील किरण गाळणारी काच लावावी तर चित्र वाचते, पण त्याची झळाळी किंचित उतरते. न लावावी तर झळाळी राहते, पण उसनी. आम्ही काच लावली, खिडक्यांवर पडदे ओढले आणि दिवे पन्नास लक्सवर आणले, कारण कागदावरच्या नाजूक कामाला आमच्या व्यवसायात एवढीच मर्यादा मानतात. प्रदर्शन साठ दिवसांचे, दिवसाला आठ तास. म्हणजे एकूण २४,००० लक्स-तास. भर उन्हाळ्याच्या दुपारी थेट उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तेव्हा जेवढा उजेड हे चित्र दोन महिन्यांत खर्च करणार, तेवढा अंगणात ठेवल्यास पाव तासात खर्ची पडला असता. प्रत्येक चित्राच्या नावे मी वहीत एक पान उघडले आणि पेढीवरच्या मुनिमाने रोजकीर्द लिहावी तसा रोजचा प्रकाश त्यात मांडू लागले. फरक इतकाच की या खात्यात जमेची बाजू नसते.

चौतीस चित्रांचा तपशील मी नोंदवून घेतला. आमच्या या नोंदीला मी मनात पंचनामा म्हणते. कोठे सुरकुती, कोठे डाग, कोठे जुनी दुरुस्ती, सारे काही चित्र भिंतीवर जाण्यापूर्वी लेखी असावे लागते, म्हणजे पुढे वाद उद्भवत नाही. तेहतीस चित्रे धडधाकट होती. चौतिसावे, पंखेवालीचे आणि तीन पोपटांचे, जवळजवळ पुरुषभर उंचीचे चित्र मात्र आजारी होते. कोण्या एका चौकटकाराने पूर्वी ते थेट काचेला टेकवून बसविले होते आणि अ‍ॅक्रिलिक रंग उबेने मऊ पडत असल्यामुळे दोन ठिकाणी तो काचेला चिकटून उपटला होता; शिवाय कोणत्या तरी दमट घरात बरीच वर्षे राहिल्याने कागदाचे अस्तर जागोजागी सुटून फुगे आले होते. जुने अस्तर उतरवून नवे लावल्यावाचून गत्यंतर नव्हते.

अस्तर म्हणजे काय, हे सांगताना मला, ज्यांच्या दुकानात माझे बालपण गेले त्या अण्णांच्या कारखान्याची आठवण होते. पुण्याच्या बुधवार पेठेत अण्णांचे पुस्तकबांधणीचे दुकान होते आणि तेथे सकाळच्या पहिल्या कामाचा मान खळीचा असे. गव्हाचे पीठ पाण्यात कालवून, मंद आचेवर ढवळीत, त्याला चकाकी येईपर्यंत शिजवायचे आणि किडीने तोंड लावू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचे, हा त्यांचा पाठ. मी आठनऊ वर्षांची असताना एकदा त्यांना विचारले की बाजारात पक्का गोंद मिळत असताना हा खटाटोप कशाला, तेव्हा त्यांनी नुकतीच बांधलेली एक पोथी हातात घेऊन सांगितले, “गोंद धरतो तो कायमचा. खळ पाणी लावले की सोडते. ही पोथी पुन्हा कोणाला तरी उघडून बांधावी लागणारच, त्याची सोय आज आपण बघायची.” चिनी अस्तरकामातही खळच असते, केवळ अधिक शुद्ध. पीठ मळून, पाण्यात धुऊन त्यातील चिकट भाग काढून टाकायचा, तळाशी बसलेले सत्त्व दिवसेंदिवस पाणी बदलून स्वच्छ करायचे आणि मग शिजवायचे. प्रथम ते पाहिले तेव्हा मी हरखले, कारण ही तर आईची कुरडयांच्या चिकाची कृती होती. तीन दिवस गहू भिजत घालून, वाटून, वरचे निवळ ओतून देऊन आई जो शुभ्र चीक घेई, तोच येथे पातेल्यात रटरटत होता.

कागद मात्र आपल्या कागदाहून अगदी वेगळा. आपला दौलताबादी किंवा जुन्नरी कागद खळ देऊन, गारगोटीने घोटून गुळगुळीत केलेला असतो. त्यावर बोरू सरकतो, शाई वर राहते, चूक झाली तर ओल्या बोटाने पुसताही येते. चीनच्या आन्हुई प्रांतातील चिंग परगण्यात होणारा श्वान कागद नीलचंदन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या सालीचा आणि भाताच्या पेंढ्याचा करतात. ती साल नि तो पेंढा डोंगरउतारावर महिनोन् महिने उन्हापावसात पसरून पांढरा करतात आणि चाळणीवर उचललेले ताव ऊन केलेल्या भिंतीवर वाळवितात. या विद्येला युनेस्कोने २००९ साली मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. या कागदाचा जो कच्चा प्रकार, त्याला ना खळ ना घोटणी. शाईचा थेंब पडताच तो आत ओढून घेतो आणि कुंचला जेथे क्षणभर थबकला तेथे त्या थबकण्याची साक्ष ठेवतो. त्यावर पुसणे नाही, गिरवणे नाही, माघार नाही. पाश्चात्त्य लोक त्याला सरसकट तांदळाचा कागद म्हणतात, पण तांदळाचा त्यात दाणाही नसतो.

पुरुषभर लांबीच्या ओल्या कागदाला दोन हात पुरत नाहीत, म्हणून बाईंनी सूचौ येथे अस्तरकामाची उमेदवारी केलेल्या आणि पुढे युरोपात स्थायिक झालेल्या एका वृद्ध कारागिराला बोलावले. सारे त्यांना शीफू, म्हणजे उस्ताद, म्हणत. सत्तरी ओलांडलेले, बोटे लांब, बोलणे मोजके. त्यांनी चित्राचा कोपरा दोन बोटांत धरून हलकेच हलविला, त्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, “कच्चा कागद. चांगला आहे.” मग ते दिवसभर काहीच बोलले नाहीत.

ओले करण्यापूर्वी प्रत्येक रंग पाण्याला टिकतो की नाही हे तपासावे लागते. कापसाचा ओला बोळा सुईच्या अग्राएवढ्या जागी टेकवायचा, त्यावर टिपकागद दाबायचा आणि टिपकागद कोरा निघाला की पुढे जायचे. मी गुलाबी तपासला, पिवळा तपासला, हिरवा, केशरी, निळा तपासले; अ‍ॅक्रिलिक एकदा वाळले की पाण्यात विरघळत नाही, त्याप्रमाणे सारे पक्के निघाले. पोपटाच्या शेपटीत एक फिकट जांभळा होता. तो निळ्या आणि गुलाबी रंगांच्या मिश्रणातून झालेला आहे, आणि ते दोन्ही पक्के असताना मिश्रणही पक्केच असणार, असे मी मनाशी ठरविले आणि वहीत जांभळ्यापुढे बरोबरची खूण केली. ही खूण मी बोळा न टेकविता केली होती. दुसऱ्या दिवशी चित्र पालथे करून मऊ जाळीदार कापडावर पाठ वर ठेवले, मी फवारा हातात घेतला आणि खालच्या कोपऱ्यापासून दमट करू लागले. तीन फवारे मारले असतील नसतील, शीफूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. काही न बोलता त्यांनी कापडाची कड उचलली आणि खालचा टिपकागद मला दाखविला. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा जांभळा ठिपका उमटला होता.

त्या क्षणी माझ्या हातापायांतले त्राण गेले. वीस वर्षांचा अनुभव, मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, अण्णांच्या दुकानातले बालपण, यांपैकी काहीही त्या दाण्याएवढ्या ठिपक्याला परत शेपटीत नेऊन बसवू शकत नव्हते. तो जांभळा अ‍ॅक्रिलिक नव्हता. एखादी पातळ शाई असावी, चित्रकाराच्या हाताशी असलेली आणि कामाच्या भरात वापरलेली. शीफूंनी रागाचा एक शब्दही काढला नाही. त्यांनी कोरडे टिपकागद मागितले, शेपटीचा भाग खालीवर दाबून सुरक्षित केला आणि मग म्हणाले, “मुली, चित्रकार घाईत होता. आपल्याला घाई नाही.” पुढचे काम आम्ही फवारा बाजूस ठेवून केले. चित्राच्या वरच्या कडेपासून बोटबोट रुंदीचा पट्टा दमट करायचा, खळ सैल होऊ द्यायची, बांबूच्या पातळ पट्टीने अस्तर उचलायचे, टिपायचे आणि मगच पुढचा पट्टा. एरवी अर्ध्या दिवसाचे जे काम, त्याला चार दिवस लागले. जांभळ्याची जागा सर्वांत अखेरीस, केवळ वाफेच्या ओलाव्यावर सोडविली. त्या संध्याकाळी मी पंचनाम्यात लिहिले: शेपटीच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढी छटा फिकी, कारण रंगाची तपासणी न करता ओलावा दिला, आणि खाली सही केली. चित्र जोवर राहील तोवर ती नोंद त्याच्यासोबत राहील आणि ते योग्यच आहे.

चौथ्या दिवशी अस्तराचा अखेरचा तुकडा निघाला, आम्ही दोघेही मागे सरलो आणि मला प्रथमच चित्राची उघडी पाठ सबंध दिसली.

समोरच्या बाजूचा गुलाल, हळद, तो सारा जल्लोष तेथे नव्हता. दाट अ‍ॅक्रिलिक वरच्यावर थांबले होते. जेथे रंगात पाणी अधिक होते तेथे फक्त फिकट सावल्या झिरपल्या होत्या, जणू कोणी दुरून रंग खेळत असावे आणि त्याचा मागमूस तेवढा पोहोचावा. पण काळी रेषा मात्र आरपार आली होती. काजळी सरसात घोटून केलेली चिनी शाई कच्च्या कागदात मुरली की पाण्याला दाद देत नाही आणि म्हणून चार दिवसांच्या ओलाव्यानंतरही ती जशीच्या तशी, केवळ उजवीची डावी होऊन, त्या पांढऱ्या पाठीवर उभी होती. पंख्याची एक कमान एका दमात ओढलेली. तिच्या अखेरीस कुंचल्यातली शाई संपत आली आणि केसांच्या फटीफटींतून कागद पांढरा डोकावू लागला, ज्याला चिनी लेखनकलेत ‘उडते पांढरे’ म्हणतात. स्त्रीच्या हनुवटीशी हात पळभर थबकला होता. तेथे शाई मसुराएवढी पसरली होती. पोपटाचा डोळा म्हणजे एकच टिंब, कुंचला उभा टेकवून उचललेला. रंग काढून घेतल्यावर जे उरले होते, ते जुन्या चिनी पंडिताच्या घरी भिंतीवर शोभले असते असे शाईचे चित्र होते. शीफू कितीतरी वेळ त्याकडे पाहत राहिले. त्यांनी बोटाने, कागदाला स्पर्श न करता, पंख्याची कमान हवेत ओढली आणि म्हणाले, “या हाताने लहानपणी कित्ता गिरवलेला आहे.”

मी त्या वाक्यावर पुढे पुष्कळ विचार केला. परदेशी वसलेल्या चित्रकाराविषयी लिहिताना, त्याचा मायदेश त्याच्या विषयांत शोधण्याची आपल्याला सवय असते. डोंगर, धुके, पूल, बांबूचे बन दिसले म्हणजे चीन दिसला, आणि त्याऐवजी कलिंगडे आणि भडक ओठांच्या स्त्रिया दिसल्या म्हणजे तो माणूस आपल्या मातीला पारखा झाला असा निवाडा आपण देऊन टाकतो. तिंगने विषय न्यूयॉर्कचे घेतले, रंग अमेरिकन कारखान्यातले घेतले, धिटाई कोब्राच्या मित्रांकडून घेतली, यात संशय नाही. पण त्याने कागद आडवा जमिनीवर पसरला आणि त्यावर वाकून, कुंचला उभा धरून, एकाच श्वासात रेषा ओढली, आणि हे देणे इतके मोलाचे होते की घेणारे त्याच्याकडे आले. बेल्जियन चित्रकार प्येर अलेशिन्स्की याने न्यूयॉर्कमध्ये तिंगच्या सोबतीने अ‍ॅक्रिलिक हाती घेतले आणि १९६५ सालचे त्याचे ‘सेंट्रल पार्क’ हे प्रसिद्ध चित्र तेथेच, तैलरंग सोडून, कागदावर झाले. मायदेशाहून त्याने बरोबर आणले ते चित्रात दाखविण्याजोगे दृश्य नव्हतेच. ती हाताची बैठक होती, आणि कोणता कागद शाई किती पितो याची बोटांना झालेली जाण होती. अशी शिदोरी समोरून दिसत नाही. मला ती दिसली, कारण माझ्या कामाची जागाच पाठीमागे होती.

नवे अस्तर आम्ही शीफूंच्या खळीने लावले. पाण्यासारखी पातळ केलेली खळ रुंद कुंचल्याने पाठीवर अशी पसरायची की एकही केस मागे राहता कामा नये; मग शीफूंनी गुंडाळलेल्या अस्तराचे एक टोक मला धरायला दिले आणि दुसऱ्या हातातल्या सुक्या कुंचल्याने ते मध्यापासून कडांकडे झाडीत, हवेचा एकही बुडबुडा राहू न देता उलगडीत आणले. कडांना तेवढी खळ लावून तो ताव फळीवर चिकटविला आणि कडेला एका जागी बोरूएवढी फट ठेवून आत फुंकर घातली, म्हणजे वाळताना कागद फळीला न चिकटता ताणला जातो. दोन आठवड्यांनी त्याला सोडविले तेव्हा तो ढोलकीच्या पुडीसारखा सरळ झाला होता.

प्रदर्शनाला गर्दी चांगली झाली. मे महिन्याच्या त्या लांबलेल्या संध्याकाळी, बाहेर साडेनऊ वाजेपर्यंत उजेड रेंगाळत असताना, पडद्याआडच्या मंद दिव्यांत लोक पावले न वाजविता फिरत आणि बाहेर पडताना त्यांच्या चेहऱ्यांवर जे हसू असे ते तिंगला आवडले असते. एका दुपारी चीनहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनी पंखेवालीसमोर बराच वेळ उभी होती. मी जवळच दिव्याचे माप घेत होते. तिने मला कर्मचारी समजून विचारले, “याला चिनी चित्रकार का म्हणतात? मला तर यात आमच्याकडचे काहीच दिसत नाही.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती, थोडा विरस होता, घरापासून दूर आलेल्या माणसाला एखाद्या अनोळखी जागी आपल्या गावचे नाव दिसावे आणि आत गेल्यावर कोणीच ओळखीचे भेटू नये, तसा. मी तिला खालच्या कामाच्या खोलीत नेले आणि अस्तर उतरविल्यावर घेतलेले पाठीचे छायाचित्र टेबलावर ठेवले. ती खाली वाकली. थोड्या वेळाने तिची तर्जनी आपोआप उचलली गेली आणि हवेत, कागदापासून बोटभर अंतरावर, कमान ओढू लागली. पण प्रतिमा उलटी असल्याने तिचा हात अडखळला. तेव्हा तिने छायाचित्र उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरले, मागून पाहिले आणि पुन्हा, या वेळी न अडखळता, आरंभापासून अखेरपर्यंत ती रेषा ओढली. नंतर ती वर गेली आणि बंद होण्याची घंटा होईपर्यंत त्या चित्रासमोरच बसून राहिली.

साठावा दिवस संपला. वहीत पंखेवालीच्या पानावर २४,००० लक्स-तासांची अखेरची बेरीज मांडली आणि पुढची काही वर्षे हे चित्र अंधारात राहावे अशी शिफारस लिहून खाली रेघ ओढली. चौकटीतून चित्र बाहेर काढले, पेटाऱ्यात ठेवण्यापूर्वी ते एकदा उलटे केले. आता तेथे नवे, कोरे, पांढरे अस्तर होते. त्याच्या आत ती रेषा मिटली होती आणि खळ उत्तम असेल तर पन्नास वर्षे तरी तिला कोणी पाहणार नाही. अण्णा पुस्तकाचा पुठ्ठा बंद करण्यापूर्वी आतल्या कागदावर, वाचणाऱ्याला कधीच दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीने तारीख घालीत. मी अस्तराच्या खालच्या कोपऱ्यात, चित्राच्या हद्दीबाहेरच्या कडेवर, मऊ पेन्सिलीने तशीच तारीख घातली. शीफूंनी वाकून ती पाहिली आणि हे कोणते आकडे म्हणून विचारले. मी सांगितले, आमच्याकडचे. त्यांनी मान डोलावली, माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि माझ्या तारखेशेजारी, वरून खाली, आपल्या लिपीत तीच तारीख लिहिली.